लिंबोणीवर मधमाश्यांचं पोळं लागलंय, काढू की राहू देऊ?

ताकभात | १४ नोव्हेंबर, रात्री ९:१२

मंडळी, जरा मदत हवीये. आमचं तळेगावला रो-हाऊस आहे, मागे अर्धा गुंठाही नसेल एवढी बाग, तिच्यात एक लिंबोणी, कढीपत्ता, एक शेवगा जो दरवर्षी वाऱ्यात मोडतो आणि परत फुटतो, आणि कंपाउंडवर आइसक्रीमची वेल. परवा पोह्यांवर पिळायला लिंबू तोडायला गेले, फांदी बाजूला केली तर नाकापासून हातभर अंतरावर काहीतरी काळपट लोंबतंय. मला वाटलं सुकलेली पानं असतील आणि तेवढ्यात ते हललं. म्हणजे सगळंच्या सगळं एकदम थरथरलं, फस्स असा आवाज आला आणि मी लिंबू न घेताच घरात.

मग लांबून बघितलं. तळहाताहून थोडं मोठं, एकच पान, फांदीला धरून लटकलंय आणि वर फांदीभोवती जाड फुगवटा आहे. माश्या अगदी बारक्या, पोटाला पुढे विटकरी रंग आणि मागे काळे-पांढरे पट्टे. अजून कोणाला चावलेल्या नाहीत. नवरा म्हणतो राहू दे. सासूबाई म्हणतात आपणहून आलेल्याला हाकलू नये. शेजारच्या काकू म्हणतात आजच्या आज जाळा, डिसेंबरात त्यांची नात येणारे सुट्टीला. मी आपली तिघांचं ऐकतेय आणि लिंबं बाजारातून आणतेय.

पाटावरवंटा | १४ नोव्हेंबर, रात्री ९:२०

मध किती निघेल?

घाटवाट | १४ नोव्हेंबर, रात्री १०:०५

ताई, वर्णनावरून ही फुलोरी आहे, शंभर टक्के. आपल्याकडच्या नांगीवाल्या मधमाश्यांत सगळ्यात लहान आणि सगळ्यात शांत. काही ठिकाणी काट्या पण म्हणतात कारण काटेरी झुडपात पोळं करते, तुमची लिंबोणी तिला पसंत पडली यात नवल नाही. अजिबात जाळू नका.

आता हे लोक सगळ्यात जास्त गोंधळ घालतात म्हणून लिहितो. आग्या वेगळी, ती मोठी, तिचं एकच पोळं पण परातीएवढं किंवा त्याहून मोठं, उंच झाडावर नाहीतर बिल्डिंगच्या सज्जाखाली. सातेरी मध्यम, ती उघड्यावर राहतच नाही, झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत अंधारात एकामागे एक पोळी लावते, मधपेटीत ठेवतात ती हीच. पोया तर डासाएवढी, तिला नांगीच नाही म्हणजे चावण्याइतपत नाही. मेलीफेरा बाहेरून आणलेली. आणि गांधीलमाशी ही मधमाशीच नाही, तिचं घर कागदासारखं असतं. लोक या सगळ्यांना एकच 'माश्या' म्हणतात आणि एकच उपाय करतात, तो म्हणजे टेंभा.

फुलोरीला छेडलं नाही, म्हणजे फांदी हलवली नाही, धूर केला नाही, तर चारपाच फुटांवरून तुम्ही खुशाल धुणं वाळत घालू शकता. तो फस्स आवाज म्हणजे इशारा, हल्ला नाही. आणि दुसरं, ती कायमची राहत नाही. ऊन वाढलं, फुलं संपली, कोणी त्रास दिला की सगळं बिऱ्हाड उचलून जाते. तेवढे दिवस लिंबं खालच्या फांदीची तोडा.

दोन_पोरांची_आई | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:४८

सगळं खरं असेल हो, पण लहान मूल चेंडू मारणारच, आणि चेंडू तिथेच जाणार. माझ्या भाच्याला एका माशीने चावल्यावर ओठ-डोळे सुजून श्वास लागला होता, रात्री अकराला ॲडमिट केलं. निसर्गप्रेम वगैरे ठीक आहे पण काकूंना वेड्यात काढू नका एवढंच.

घाटवाट | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

वेड्यात अजिबात काढत नाहीये ताई. ज्याला ॲलर्जी आहे हे माहिती आहे त्याच्या घरी मी पण राहू द्या म्हणणार नाही. बाकीच्यांना एकदोन डंखांनी सूज आणि ठणका, बास. पण चावलेल्या जागेपासून लांब कुठेतरी गांधी उठल्या, चेहरा सुजला, घसा आवळला, चक्कर आली तर घरगुती काही करत बसू नका, सरळ दवाखाना. आणि नांगी आत राहते ती लगेच नखाने खरवडून काढा. लोक चिमट्यानेच काढू का, कार्डाने काढू का म्हणून शोधत बसतात आणि तोवर ती विषाची पिशवी आत रिकामी होत राहते. कशाने काढली यापेक्षा किती लवकर काढली ते महत्त्वाचं.

फणसाचा_गरा | १५ नोव्हेंबर, दुपारी १:१५

आमच्याकडे राजापूरला चिऱ्याच्या भिंतीत सातेरी आहेत, मला कळायला लागल्यापासून. न्हाणीघराच्या मागच्या भिंतीला जुन्या लाकडी वाशाचं भोक राहिलंय, त्यातून ये-जा. बाबांनी त्या भोकाला कधी सिमेंट लावू दिलं नाही, गवंड्याला पहिल्या दिवशीच दाखवून ठेवायचे की एवढं सोडून बाकी सगळं लिंप. आम्ही पोरं तिथेच आंघोळीच्या चुलीला जाळ घालायचो. धूर झाला की आत गुं असा आवाज वाढायचा तेवढंच. मी आयुष्यात एकदाच चावून घेतलंय आणि ते पण अनवाणी पायाखाली आली म्हणून. नारळाच्या पोयीवर (फुलोऱ्यावर) सकाळी ज्या झुंबड करतात त्या याच.

सातवा_मजला | १५ नोव्हेंबर, रात्री ११:०२

तुमच्याकडे फुलोरी म्हणून हे कौतुक चाललंय. आमच्या सोसायटीत (पुणे, एरिया सांगत नाही) सातव्या मजल्याच्या स्लॅबखाली तीन आग्या मोहोळं आहेत. रात्री बाल्कनीचा दिवा लावला की दहावीस माश्या आत येऊन ट्यूबवर आपटून मरतात, सकाळी केरसुणीने गोळा करायच्या. गाड्यांवर आणि वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर पिवळे ठिपके, धुतले तरी जात नाहीत, आधी वाटायचं वरचे हळद-बिळद सांडतात, त्यावरून भांडणं पण झाली.

गेल्या वर्षी मीटिंगमध्ये ठराव करून पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. त्याने रात्री फवारलं. सकाळी पार्किंगमध्ये मेलेल्या आणि अर्धमेल्या माश्यांचा थर, वॉचमनला चार डंख, आणि रिकामं पोळं वरच राहिलं ते ऊन तापल्यावर वितळून मध भिंतीवरून ओघळायला लागला, मग मुंग्या, मग मेणाच्या अळ्या, महिनाभर नुसता चिकटा. बिल साडेचार हजार. आणि या ऑक्टोबरला बरोब्बर त्याच जागी परत तीन. आता बोला.

पाटावरवंटा | १५ नोव्हेंबर, रात्री ११:१०

तो ओघळलेला मध कोणी चाटून बघितला का? (गंमत करतोय)

उलटतपासणी | १६ नोव्हेंबर, रात्री १२:३५

झोप येत नाहीये म्हणून लिहितो. @सातवा_मजला, ते पिवळे ठिपके म्हणजे आग्याची विष्ठा. सगळ्या मिळून एकदम उडतात आणि उडताउडता मोकळ्या होतात, आत परागकणांची टरफलं असतात म्हणून हळदीचा रंग. आणि या ठिपक्यांवरून जगात तुमच्या सोसायटीपेक्षा मोठं भांडण झालेलं आहे. १९८१ मध्ये अमेरिकेने आरोप केला की लाओस आणि कंबोडियात सोव्हिएत रशियाच्या मदतीने विमानातून विष फवारतायत, तिथल्या लोकांनी 'पिवळा पाऊस' पडल्याचं सांगितलं होतं, पानांवर ठिपके सापडले होते. मग मॅथ्यू मेसेल्सन आणि थॉमस सीली वगैरे शास्त्रज्ञांनी ते ठिपके तपासले तर त्यात परागकण, आणि ते स्वतः थायलंडला गेले तर आग्या माश्यांनी त्यांच्याच अंगावर पिवळा पाऊस पाडला. तेव्हा वरच्या मजल्याची माफी मागून टाका.

त्याच जागी परत येण्याचं म्हणाल तर आग्या मुळात स्थलांतर करतेच. फुलोरा असेल तिथे मुक्काम, संपला की पुढे. तीच वसाहत महिनोन् महिने बाहेर राहून परत त्याच फांदीवर येते हे जनुकीय तपासणीत दिसलंय. गंमत म्हणजे कामकरी माशी एवढी जगतच नाही, म्हणजे गेल्या त्या वेगळ्या आणि आल्या त्या वेगळ्या, राणी तेवढी जुनी असेल तर असेल. पत्ता कसा लक्षात राहतो देव जाणे. आणि तुमच्याकडे तर गेल्या वर्षीच्या मारून टाकल्या होत्या ना, म्हणजे या नवीनच कोणीतरी, जागाच तशी मोक्याची दिसतेय.

घाटवाट | १६ नोव्हेंबर, सकाळी ९:००

+१. पण सातव्या मजल्याची काळजी खोटी नाही. आग्याशी मात्र खेळ नाही, फुलोरीबद्दल मी जे लिहिलं त्यातलं एक अक्षर आग्याला लावू नका. एक डंख बसला की त्यातून जो वास सुटतो (पिकल्या केळ्यासारखा असतो) त्याने बाकीच्या चवताळतात, मग पाठलाग. किल्ल्यांवर दरवर्षी जे होतं ते कोणीतरी दगड मारला, शेकोटी केली, यातूनच. बाल्कनीचा दिवा संध्याकाळनंतर बंद ठेवा किंवा जाड पडदा लावा, सोसायटीत मोहोळाखाली रॉकेट-भुईनळे नकोत. काढायचंच असेल तर न मारता काढणारी प्रशिक्षित माणसं पुण्यात आहेत. पुण्यातच केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे १९६२ पासून, तिथे विचारा, आणि महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. त्याच्याजवळच मांघर गाव, २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तिथे घराघरात पेट्या आहेत आणि पोरं अंगणात खेळत असतात.

ताकभात | ३ डिसेंबर, संध्याकाळी ६:४०

अपडेट. ठेवलंय पोळं. नवऱ्याने झाडाभोवती सहा फुटांवर सुतळी बांधलीये, सासूबाईंनी तिला जुन्या साडीच्या चिंध्या बांधल्यात, लांबून दर्गा वाटतो.

पाण्यासाठी मी पितळी थाळी ठेवली, खडे घालून, बुडू नयेत म्हणून. रोज पाणी बदलते. एकही माशी तिच्यावर बसत नाही. सगळ्या जणी नळाखालच्या ओल्या गोणपाटावर बसतात, जे मी टाकून द्यायचं म्हणून सहा महिने म्हणतेय.

आज दुर्बीण लावून बघितलं तर पोळ्याच्या दोन्ही बाजूंना फांदीवर बोटभर रुंद चकचकीत पट्टा दिसला, डिंकासारखा. त्याच्यात दोन मुंग्या अडकून मेलेल्या. हे काय, झाडाला रोग आहे का? कारण पानांवर मावा पण आहे, नर्सरीवाल्याने इमिडाक्लोप्रिड नावाचं कीटकनाशक दिलंय, मारू का?

घाटवाट | ३ डिसेंबर, संध्याकाळी ६:५५

नका मारू!!! बाटली बंद करून वर ठेवा. ते मधमाश्यांना फार वाईट, झाडाच्या अंगात भिनतं आणि मग फुलातल्या मधात आणि परागातही उतरतं. म्हणजे फुलोरी जिथे राहते तिथेच तिला विष. माव्याला पाण्याचा जोरदार फवारा, नाहीतर साबणाचं पाणी, ते पण पोळ्यापासून लांबच्या फांद्यांना आणि माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी.

डिंक तुमच्या झाडाचा नाही, तो त्यांनी बाहेरून आणून लावलाय. मुंगीबंदी. फांदीवरून पोळ्याकडे जायला दोनच वाटा, दोन्ही चिकट करून टाकल्या.

मस्कतचा_वारा | ४ डिसेंबर, दुपारी २:२०

या धाग्याची वाचनखूण साठवली. इथे ओमानमध्ये पण हीच माशी आहे, अबू तुवैक म्हणतात. माझ्या ऑफिसातला एक जण डोंगरातल्या गावचा, त्याचे आजोबा पोळं फांदीसकट कापून घराजवळ सावलीत आणून बांधायचे, दोन काटक्यांच्या मध्ये, आणि मध असेल तेवढाच वरचा भाग कापून घ्यायचे, खालचं पिल्लांचं पान तसंच. माश्या राहायच्या म्हणे. मला कंपाउंडच्या बोगनवेलीत एकदा दिसलं होतं, पण बागकाम करणाऱ्याने दुसऱ्या दिवशी कात्री चालवली. तुमचं वाचून हळहळ वाटली.

पाटावरवंटा | ४ डिसेंबर, दुपारी २:३१

बघा, वरचा भाग. मी म्हणत होतो.

ताकभात | २९ डिसेंबर, रात्री १०:१०

काकूंची नात येऊन गेली. आठ वर्षांची आहे. मी दोन दिवस जिवावर उदार. तिला सुतळीबाहेर खुर्ची टाकून दिली आणि सांगितलं की पायाला पिवळे गोळे लावून येणाऱ्या मोज, मला हिशोब हवाय. पोरगी सकाळ-संध्याकाळ वही घेऊन बसली. एका मिनिटात सव्वीस, एकदा तेहतीस. काकू आधी ओट्यावरून ओरडत होत्या, मग कंपाउंडपाशी आल्या, मग "अगं ती केशरी घेऊन आली ती कुठली" असं विचारायला लागल्या. मला तरी कुठे माहिती, शेवगा तर पांढराच.

एक वाईट झालं. तारेवर तो वेडा राघू येऊन बसायला लागलाय, दोघे आहेत. माशी हवेत पकडतो, तारेवर आपटतो, घासतो आणि गिळतो. मी टाळ्या वाजवून हाकलते, तो दुसऱ्या तारेवर बसतो.

फणसाचा_गरा | २९ डिसेंबर, रात्री १०:४४

हाकलू नका हो, त्याचं पण पोट आहे. हजारोंत दहावीस गेल्या तरी फरक पडत नाही. आमच्याकडे मोहोळघार येते, ती तर पोळंच फाडते, त्यापेक्षा राघू बरा.

सातवा_मजला | ११ जानेवारी, रात्री ९:३०

आमच्याकडे या वेळी मीटिंगमध्ये मी पिवळ्या पावसाची गोष्ट सांगितली. पाच मिनिटं सगळे हसले आणि मग चेअरमन म्हणाले ते ठीक आहे पण गाडीच्या रंगाचं काय. शेवटी दोन पोळी राहू द्यायची आणि जे लहान मुलांच्या घसरगुंडीच्या बरोबर वर आहे ते न मारता काढून घ्यायचं ठरलं. दिवे बंद ठेवायला निम्मे लोक तयार झालेत, निम्मे म्हणजे खालचे तीन मजले, ज्यांच्याकडे माश्या येतच नाहीत.

ताकभात | ६ मार्च, दुपारी १२:५०

ऊन कडक व्हायला लागलंय, लिंबोणीची पानं गळाल्यामुळे पोळ्यावर दुपारी सरळ ऊन येतं. आणि गेले तीनचार दिवस काहीतरी वेगळंच चाललंय. वरचा जो फुगवटा आहे ना, फांदीभोवतीचा, त्याच्या सपाट भागावर काही माश्या शेपटी थरथरवत थोडंसं सरळ पळतात, वळून परत येतात, परत तेच. सगळ्यांचं तोंड कंपाउंडच्या दिशेला. काकूंच्या घराकडे.

उलटतपासणी | ६ मार्च, दुपारी १:३५

अरे वा, तुम्हाला नाच दिसला, कुठल्या दिशेला जायचं ते माश्या एकमेकींना सांगतात तो! ताई, हे उघड्या डोळ्यांनी बघायला मिळणं भाग्याचं. मधमाश्यांचा अभ्यास करणाऱ्या कार्ल फॉन फ्रिशला १९७३ चं नोबेल मिळालं त्यात हा नाच होता. पण त्याच्या माश्या पेटीत अंधारात, उभ्या पोळ्यावर नाचणाऱ्या, त्यांना सूर्य म्हणजे 'वर' असं धरून कोनात सांगावं लागतं. फुलोरीला ही भानगड नाही. ती उघड्यावर, आडव्या जागेवर नाचते, तोंड करेल तीच दिशा, बोट दाखवल्यासारखं. तिकडे भरपूर फुलं असतील, नाहीतर निघायची तयारी.

ताकभात | ९ मार्च, रात्री ८:१५

गेल्या.

सकाळी अकराच्या सुमाराला एकदम आवाज वाढला, मी कुकर टाकून बाहेर आले तर पोळ्यावरचा माश्यांचा पडदा सुटत होता, चादर सरकावी तसा, आणि दोन मिनिटांत हवेत नुसता ढग. मग तो पण नाही. खाली पांढरंपिवळं नाजूक पान तेवढं राहिलं, इतकं सुबक की हात लावायची भीती वाटते. सासूबाई म्हणाल्या माहेरवाशीण गेल्यासारखं वाटतंय. मी काही बोलले नाही, पण कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

पाटावरवंटा | ९ मार्च, रात्री ८:१७

आता तरी बघा मध आहे का.

ताकभात | ९ मार्च, रात्री ८:२५

तुमच्यासाठी स्टुलावर चढून बघितलं. थेंब नाही. पुसून घेतल्यासारखं.

घाटवाट | ९ मार्च, रात्री ९:००

भरल्या पोटाने निघतात, नव्या घरी मेण काढायला तोच मध लागतो. पोळं तोडू नका एवढ्यात, दोन दिवस लक्ष ठेवा.

ताकभात | १२ मार्च, सकाळी ११:२०

घाटवाट, तुम्हाला माहिती होतं ना! परवापासून माश्या परत यायला लागल्यात, पण राहायला नाही. रिकाम्या पोळ्याच्या कडा कुरतडतात, मेणाचे पांढरे कण मागच्या पायांना लावतात आणि जातात. कालपर्यंत खालची कड सगळी संपली, आता अर्धं पान उरलंय. जुन्या घराच्या खिडक्या-दारं काढून नेतात तसं.

घाटवाट | १२ मार्च, सकाळी ११:४१

नवीन घर लांब असतं तर हे केलं नसतं, परवडत नाही. म्हणजे जवळच आहेत, बघा कुठे जातात ते.

ताकभात | १२ मार्च, दुपारी ४:०५

बघितलं. मेण घेऊन निघालेली प्रत्येक माशी कंपाउंडवरून पलीकडे. मी स्टुलावर चढून डोकावले. काकूंच्या जास्वंदीत, दाट पानांच्या आत, तुळशीवृंदावनाच्या बरोबर मागे. रुपयाएवढं नवं पान झालंय. काकू रोज सकाळी तिथेच उभ्या राहून तुळशीला पाणी घालतात आणि त्यांना अजून दिसलेलं नाहीये. सांगू का?

पाटावरवंटा | १२ मार्च, दुपारी ४:०९

गप्प बसा.

फणसाचा_गरा | १२ मार्च, दुपारी ४:३०

गप्प बसा +१

दोन_पोरांची_आई | १२ मार्च, संध्याकाळी ५:१०

सांगा. त्यांचं घर आहे. जास्वंदीची फुलं काढायला हात घालतील आणि नको ते होईल. आणि चैत्रगौरीचं हळदीकुंकू अंगणात करतात बऱ्याच जणी, तेव्हा काय करणार आहात?

घाटवाट | १२ मार्च, संध्याकाळी ५:३२

दोन_पोरांची_आई म्हणतात ते बरोबर आहे. सांगा.

ताकभात | १३ मार्च, रात्री ९:५०

सांगितलं. आज सकाळी गेले, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि मग जास्वंदीकडे बोट दाखवलं. काकू दोन पावलं मागे सरकल्या, चष्मा पुसला, परत लावला, बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चिंध्या बांधलेली सुतळी आहे का गं अजून?" नात एप्रिलमध्ये येणारे, तिची वही पण काकूंनी जपून ठेवलीये म्हणे. हळदीकुंकू गच्चीवर करणार.

निघताना परत हाक मारून म्हणाल्या ती खडे घातलेली पाण्याची थाळी पण दे, तुझ्याकडे आता काय उपयोग. दिली. तिच्यावर चार महिन्यांत एकही माशी बसलेली नाही हे काही मी त्यांना सांगितलं नाही.